पहिलं जुनं जपानी घड्याळ घेताय? आधी पाठ वाचा

माझं पहिलं ‘जुनं जपानी’ घड्याळ भगव्या डायलचं होतं. रविवारी सकाळी रस्त्याकडेला पथारी टाकून बसलेल्या एका माणसाने ते शर्टाच्या बाहीला पुसून माझ्या हातात ठेवलं. “ओरिजिनल जपान, दादा. दुबईचा पीस.” त्याने १,८०० सांगितले, मी १,४०० वर आणलं आणि घासाघीस जमली म्हणून स्वतःवरच खूश होत घरी आलो. चार दिवसांनी पट्टा लहान करायला नेलं, तेव्हा आमच्या पेठेतल्या घड्याळजी काकांनी आयग्लास डोळ्याला लावला, घड्याळ दिव्याखाली धरलं आणि विचारलं, “दहा आणि अकराच्या मध्ये मिनिटाच्या रेघा किती असतात रे?”

चार, मी म्हणालो.

“मग मोज.”

पाच होत्या.

कोणीतरी मूळ डायल खरवडून त्यावर भगवा रंग मारला होता, नवी छपाई केली होती आणि छापताना एक रेघ जास्त पडली होती. ते घड्याळ अजून माझ्याकडे आहे, चालतंही. पण त्या पाचव्या रेघेनंतर मी जुनी जपानी घड्याळं बघायला शिकलो. ज्यांना जपानचं वेड नुकतंच लागलंय, कुणाला अ‍ॅनिमेमुळे, कुणाला हायकूमुळे, कुणाला तिथल्या जुन्या पोस्टरांमुळे, आणि आता त्या देशाची एखादी खरी जुनी वस्तू आपल्याजवळ असावी असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

घड्याळच का? एक तर खिशाला झेपतं. दुसरं, त्याच्या पाठीवर त्याची जन्मतारीख कोरलेली असते. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे ते आपल्या गल्लीत दुरुस्त होतं. किमोनोची शिवण उसवली तर इथे कोणाकडे जाल?

पैसे काढण्याआधी थोडा इतिहास

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. डायल बघताना याचाच उपयोग होतो.

एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानमध्ये दिवसाचे सहा भाग करायचे आणि रात्रीचे सहा. दिवस उजाडण्यापासून अंधार पडेपर्यंतचा. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा ‘तास’ लांबलचक आणि रात्रीचा आखूड, हिवाळ्यात बरोबर उलटं. आपले दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहरही याच जातीचे. अडचण अशी झाली की युरोपातून आलेलं यांत्रिक घड्याळ ऋतू ओळखत नाही, ते एकाच चालीने चालतं. जपानी कारागिरांनी घड्याळ फेकून दिलं नाही आणि आपला दिवसही बदलला नाही. त्यांनी घड्याळालाच ऋतूप्रमाणे वळवलं. कुठे तासाच्या खुणा सरकवता येतील अशा केल्या, कुठे चाल ठरवणाऱ्या दांडीवरची वजनं हलवायची सोय केली. या घड्याळांना ‘वादोकेई’ म्हणतात. तासांची मोजणीही गंमतीची. मध्यान्हाला नऊ, मग उतरत्या क्रमाने आठ, सात, संध्याकाळी सहा, मग पाच, चार, आणि मध्यरात्री पुन्हा नऊ. दुपारच्या खाऊला जपानीत आजही ‘ओयात्सु’ म्हणतात, तो शब्द या ‘आठा’वरूनच आलाय. आठ म्हणजे यात्सु.

१ जानेवारी १८७३ ला जपानने नवं सौर कॅलेंडर आणि सारखे २४ तास स्वीकारले. आदल्याच वर्षी शिंबाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली होती, आणि रेल्वे काही कोणाच्या लांब-आखूड तासांसाठी थांबत नाही. वादोकेई एका फटक्यात शोभेच्या झाल्या आणि अख्ख्या देशाला नवी घड्याळं हवी झाली. १८६० साली जन्मलेला, पुढे सेइको कंपनी उभी करणारा हात्तोरी किंतारो तेव्हा लहान पोरगा होता. १८८१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने तोक्योत घड्याळं विकण्या-दुरुस्त करण्याचं दुकान टाकलं. १८९२ मध्ये ‘सेइकोशा’ नावाचा कारखाना काढून भिंतीवरची घड्याळं बनवायला घेतली. १९१३ मध्ये ‘लॉरेल’ आलं, ते जपानचं पहिलं मनगटी घड्याळ. १ सप्टेंबर १९२३ च्या कान्तो भूकंपात कारखाना जळाला आणि गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली सुमारे १,५०० घड्याळंही खाक झाली. हात्तोरीने त्या सगळ्यांना नवी घड्याळं देऊ केली. पुढच्याच वर्षी डायलवर पहिल्यांदा ‘सेइको’ हे नाव आलं. आपल्याकडे याला सगळे ‘सिको’ म्हणतात. म्हणा खुशाल, दुकानदारालाही तेच कळतं.

पुढची एक गोष्ट संग्राहकाला कामाची आहे. सेइकोची घड्याळं एका नाही, दोन कारखान्यांत बनत. एक तोक्योतला दाइनी सेइकोशा. दुसरा नागानो प्रांतात सुवा नावाच्या तळ्याकाठी. सुवाची सुरुवात १९४२ मध्ये मिसोच्या एका जुन्या कोठारात झाली. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं वाटण. त्या वासाच्या खोलीत घड्याळाचे सुटे भाग बनायला लागले. हे दोन कारखाने एकाच घरचे, पण आपसात चुरस एवढी की दोघांची मशीनं, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, वेगळी आणि डिझाइनं वेगळी. म्हणूनच साठ-सत्तरच्या दशकांतल्या सेइकोत इतके प्रकार सापडतात. साठच्या दशकातल्या पुष्कळ डायलवर सहाच्या आकड्यापाशी कारखान्याची बारीक खूणही असते. सुवाची भोवऱ्यासारखी, दाइनीची विजेच्या नागमोडी रेघेसारखी. हाच सुवा कारखाना पुढे एप्सन झाला. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकसाठी वेळ छापणारं यंत्र बनवता बनवता ते प्रिंटरकडे वळले. ऑफिसात कागद अडकला की ज्याला आपण शिव्या घालतो, त्याचं कुळ हे असं घड्याळाचं आहे.

१९६९ चं एवढंच सांगतो की त्या नाताळात सेइकोने जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं, मनगटी घड्याळ विकायला काढलं, किंमत ४,५०,००० येन, म्हणजे तेव्हाच्या छोट्या मोटारीइतकी. पुढे क्वार्ट्झ स्वस्त झालं आणि चावीची घड्याळं मागे पडली. तुम्ही जे शोधणार आहात ते बहुतेक त्या उलथापालथीच्या अलीकडचं-पलीकडचं असेल.

पहिलं कोणतं घ्यायचं

सेइको ५. यावर मी वाद घालणार नाही.

१९६३ मध्ये ‘स्पोर्ट्समॅटिक ५’ या नावाने हे सुरू झालं. पाच म्हणजे पाच वायदे: आपोआप चावी बसणार, वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसणार, पाण्यापासून बचाव होणार, चावी चारच्या आकड्यापाशी आत दबलेली असणार, आणि बॉडी-पट्टा दणकट असणार. चावी तीनऐवजी चारवर नेली, कारण हे घड्याळ रोज चावी द्यायचं नव्हतंच. तिला हात लावायची वेळ क्वचित येणार, मग ती मनगटाला टोचायला बाहेर कशाला ठेवायची? बघायला गेलं तर बारीक गोष्ट. पण जपानी डिझाइन समजून घ्यायचं असेल तर देवळांचे फोटो बघण्याआधी या चावीकडे बघा.

आतली ‘मॅजिक लीव्हर’ नावाची करामत १९५९ ची, सुवाची. हात हलला की मागचं अर्धगोल वजन फिरतं, आणि दोन नख्यांची एक छोटी दांडी एका नखीने चाकाचे दात ओढते, दुसरीने ढकलते. वजन कुठल्याही दिशेने फिरो, चावी बसतेच. भाग कमी, म्हणून किंमत कमी, म्हणून बिघाडही कमी.

मशीनांची नावं चार आकडी असतात. नवख्याने ६११९ किंवा ७००९ यांपैकी एक बघावं. पहिलं सुवाचं, दुसरं दाइनीचं. दोन्ही इथे भरपूर मिळतात आणि कोणाही बऱ्या घड्याळजीच्या हाताखालून गेलेली असतात. स्टॉपवॉचवालं ६१३९ मोहात पाडेल. तेही १९६९ चंच, आणि विल्यम पोग नावाच्या अमेरिकी अंतराळवीराने तसलंच पिवळ्या डायलचं घड्याळ १९७३ च्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावरच्या मोहिमेत नेलं होतं. पण त्याची दुरुस्ती सगळ्यांना जमत नाही, आणि बाजारातल्या बऱ्याच पिसांची बटणं दाबली तर काटा शून्यावर येतच नाही. ते दुसरं किंवा तिसरं घड्याळ म्हणून ठेवा. किंग सेइको, ग्रँड सेइको ही सेइकोची वरच्या दर्जाची, महागडी घड्याळं तर अजून लांब.

हो, बाजारात जाण्याआधी घरातलं कपाट उघडा. बंगळूरचा एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. आजोबांना लग्नात किंवा निवृत्तीच्या वेळी मिळालेलं एचएमटी असेल तर त्याचं आजोळ जपानच. आणि कोकणातून आखातात नोकरीला गेलेलं कोणी नात्यात असेल तर विचारा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी घड्याळ सरळ आयात होऊन दुकानात मिळत नसे, पण रत्नागिरीच्या एसटीतून उतरणाऱ्या काकाच्या मनगटावर मात्र हमखास असे. ते काका स्वतः देतील ते घड्याळ, बाजारातल्या दहा घड्याळांपेक्षा जास्त खात्रीचं.

पाठ वाचणं

विक्रेता डायल दाखवत असतो. तुम्ही घड्याळ उलटं करा.

झाकणावर दोन गोष्टी शोधायच्या. एक, मधे आडवी रेघ असलेली आठ आकड्यांची जोडी, उदाहरणार्थ ६११९-८०८३. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार बॉडीचे. दोन, सहा किंवा सात आकड्यांचा अनुक्रमांक. त्याचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, आणि दुसरा म्हणजे महिना. एक ते नऊ सरळ, ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी.

समजा ६११९ च्या झाकणावर क्रमांक १ आणि डी ने सुरू होतोय. १ म्हणजे १९६१, ७१ की ८१? इथे मशीन साक्ष देतं. ६११९ साठच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि सत्तरमध्ये चाललं. म्हणजे डिसेंबर १९७१. ७००९ मात्र बरीच वर्षं बनत राहिलं, त्यामुळे तिथे दशक ठरवताना डायल आणि पट्टाही बघावा लागतो. आणखी एक सोपी साक्ष: झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असेल तर घड्याळ साधारण १९७० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं. नंतर तो शब्द जाऊन ‘वॉटर रेझिस्ट’ आला. दोन्हींवर विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांच्या रबराच्या वायसरला पाणी अडवायची आठवण राहिलेली नसते. हात धुतानाही काढून ठेवा.

आकडे इतके घासले गेलेत की वाचता येत नाहीत, असं असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, कोरलेली सावली दिसते. तरी नाही दिसली तर बॉडीला पॉलिशच्या चाकावर इतकं घासलंय की धातूच गेलाय. असं घड्याळ मी सोडून देतो.

डायल: इथे वेळ घालवा

संग्राहक जगभर एक शब्द वापरतात, ‘मुंबई स्पेशल’. आपल्या शहराच्या नावाचा हा असा लौकिक. अर्थ असा: आत खरं जपानी मशीन, पण डायल पुन्हा रंगवलेला, काटे दुसऱ्याचे, बॉडी चकाचक घासलेली, आणि हे सगळं ‘अस्सल’ म्हणून ऑनलाइन विक्रीला. ओळखायची कशी, ते क्रमाने सांगतो. मी आजही याच क्रमाने बघतो.

रंग. भगवा, पोपटी, आकाशी, जांभळा, आणि किंमत दोनेक हजार? संशय घ्या. सेइकोने भडक डायल केले, नाही असं नाही, पण ते मोजके. बाजारात निळा, तपकिरी, चंदेरी, करडा असे डायल जास्त असायला हवेत. दहा घड्याळांत सहा भगवी असतील तर ती एकाच डब्यातल्या रंगाची.

सहाच्या खाली. अस्सल डायलवर अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘जपान’ आणि डायलचा क्रमांक छापलेला असतो. त्याचे पहिले चार आकडे झाकणावरच्या मशीन क्रमांकाशी जुळले पाहिजेत. पुढचे आकडे थोडे वेगळे असले तर बिघडत नाही. मशीन ७००९ आणि डायल ६११९ चा असेल, तर दोन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलंय. आणि तिथे काहीच छापलेलं नसेल तर पुढे बघायची गरज नाही.

छपाई. मूळ अक्षरं बारीक, कडा सुरीने कापल्यासारख्या. रंगवलेल्यावर शाई जाड, किंचित फुगलेली. ‘सेइको’तला शेवटचा ओ बघा, तो बऱ्याचदा बटाट्यासारखा होतो. सेइको हे नाव आणि तासाच्या खुणा बहुतेक अस्सल सेइको ५ वर छापलेल्या नसतात, धातूच्या वेगळ्या करून बसवलेल्या असतात. रंगवताना त्या काढून पुन्हा चिकटवतात, मग एखादी तिरकी बसते, नाहीतर तिच्या बुडाशी डिंकाची चमक दिसते. मिनिटांच्या रेघा मोजा. मी का मोजतो ते सांगितलंच आहे.

खिडकी. वार-तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंगाचा थर साचलेला असेल तर तो नंतर मारलेला.

काटे. अस्सल सेकंद काटा मिनिटाच्या रेघांपर्यंत पोचतो. फार आखूड किंवा काचेला टेकेल इतका लांब असेल तर उसना आहे.

आता माझं मत. मुंबई स्पेशल हा गुन्हा नाही. कुठल्याशा खोलीत बसून कोणीतरी मेलेली मशीनं जोडतो, ब्रशने रंग मारतो, आणि हजार-दीड हजारात चालणारं ऑटोमॅटिक घड्याळ उभं करतो. हे कसब आपल्याकडचंच आहे. जुन्या स्कूटरचं जे होतं तेच. आक्षेप एवढाच की ते अस्सल म्हणून विकू नये आणि अस्सलची किंमत लावू नये. माझं भगवं मी दिवाळीत घालतो.

पण जपान हवंय म्हणून घेत असाल तर फिकट पडलेला, कडेला थोडे डाग असलेला, न रंगवलेला डायल घ्या. इथे उलट्या बाजूचाही सावधपणा हवा. हल्ली ‘वाबी-साबी’, म्हणजे जुनेपणात आणि अपूर्णतेत सौंदर्य बघण्याची जपानी दृष्टी, असं म्हणत ओल शिरून बुरशी धरलेले डायल खपवणारेही झालेत. उन्हाने एकसारखा उतरलेला रंग वेगळा आणि पाण्याने फुगलेला रंग वेगळा. पाणी डायलपर्यंत गेलं असेल तर ते मशीनपर्यंतही गेलंय.

बॉडीच्या कडांबद्दल एक सांगायचं राहिलं. साठच्या दशकात सेइकोचे डिझायनर तानाका तारो यांनी घड्याळाच्या बॉडीसाठी एक ‘व्याकरण’च बांधलं. पृष्ठभाग शक्यतो सपाट, आरशासारखे, आणि दोन पृष्ठभाग मिळतात तिथली कड धारदार. १९६७ चं ४४जीएस हे ग्रँड सेइको त्याचा नमुना मानतात. स्वस्तातल्या सेइको ५ वरही ती सावली दिसते. पट्ट्याला धरणारे कान खिडकीपाशी तिरके धरा, एक कड उजेड कापते. ती धार गोल झाली की घड्याळ साबणाच्या वापरलेल्या वडीसारखं दिसतं आणि ती परत आणता येत नाही. म्हणून सर्व्हिसिंगला देताना काका प्रेमाने विचारतील, “पॉलिश मारून देऊ? नव्यासारखं करतो.” ठाम नाही म्हणा. ओरखडे राहू देत.

वारांची चकती

हा माझा लाडका भाग, व्यवहारात फारसा उपयोग नाही, तरी सांगणार.

सेइको ५ ची वाराची चकती दोन भाषांत असते. एक इंग्रजी, दुसरी घड्याळ जिथे विकायचं तिथली. दुसरी भाषा अरबी असेल तर ‘दुबईचा पीस’ ही बतावणी नाही, ते खरंच आखातासाठी बनलंय. दुसरी जपानी असेल तर ते जपानच्या घरगुती बाजारातलं, आणि ते मिळालं तर मला कळवायला हरकत नाही.

जपानी वार चित्रलिपीत एकेका खुणेचे. रविवारची ‘निची’, सूर्य: उभी चौकट आणि तिच्या पोटात आडवी रेघ. सोमवारची ‘गेत्सु’, चंद्र. मंगळवारी ‘का’, अग्नी. बुधवारी ‘सुइ’, पाणी. गुरुवारी ‘मोकु’, झाड, आणि ते खरंच खाली फांद्या पसरलेल्या झाडासारखं दिसतं. शुक्रवारी ‘किन’, सोनं. शनिवारी ‘दो’, माती: अधिकचं चिन्ह आणि खाली जमिनीची रेघ. रविवार लाल, शनिवार निळा.

आता गंमत बघा. जपानीत मंगळ ग्रहाला म्हणतात अग्नीचा तारा, बुधाला पाण्याचा, गुरूला झाडाचा, शुक्राला सोन्याचा आणि शनीला मातीचा. म्हणजे रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, आपलेच वार, त्याच क्रमाने. हे योगायोगाने नाही. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध पंडिताने ग्रह-नक्षत्रांचं हे भारतीय ज्ञान चीनमध्ये चिनी भाषेत ग्रंथबद्ध केलं, आणि कूकाई या भिक्षूने तो ग्रंथ ८०६ च्या सुमारास जपानला नेला. कित्येक शतकं तिथे हे वार मुहूर्त बघण्यापुरते होते, रोजच्या व्यवहारात ते मेइजी काळात (१८६८ ते १९१२) आले. मला हे कळलं तेव्हा रात्री साडेअकरा वाजले होते आणि बायकोला उठवून सांगितलं. तिने “बरं” म्हणून कूस बदलली.

कुठून आणि कसं घ्यायचं

बाजारातून घेत असाल तर दिवसाउजेडी जा आणि दहा रुपयांची का होईना, एक भिंग सोबत ठेवा. घड्याळ कानाशी धरा. ही मशीनं सेकंदाला सहा ठोके टाकतात, तासाला २१,६००. ठोका एकसारखा हवा, लंगडा नको. हलकेच हलवून आतलं वजन फिरताना ऐका. खरखर असेल तर घासतंय. काटे फिरवून बारा ओलांडा, तारीख पुढे जातेय का बघा. आणि शक्य असेल तर म्हणा, “झाकण उघडून दाखव.” बॅलन्स चाकाच्या, म्हणजे सतत मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाच्या, जवळ मशीनचा क्रमांक ठोकलेला असतो, तो झाकणावरच्या चार आकड्यांशी जुळवा. प्रामाणिक माणूस उघडतो. जो कारणं सांगतो, त्याच्याकडून चहा प्या आणि निघा.

थेट जपानहून मागवायचं असेल तर तिथल्या लिलावाच्या संकेतस्थळांवर आपल्या वतीने बोली लावून माल पाठवणारे मध्यस्थ असतात. तिथले तीन-चार शब्द ओळखून ठेवा, बाकी मोबाइल भाषांतर करतो. ‘जंक’ म्हणजे भंगार असंच नाही, विक्रेता कसलीही हमी देत नाही एवढाच त्याचा अर्थ. ‘फुदो’ म्हणजे चालत नाही. ‘कादो’ म्हणजे चालू. ‘गेंजो’ म्हणजे आहे त्या स्थितीत, नंतर तक्रार नको. माझा अनुभव असा की जपानी विक्रेते काचेवरचा ओरखडाही फोटो काढून दाखवतात. फसवणूक कमी, पण खर्च वाढत जातो: बोली, मध्यस्थाचं कमिशन, टपाल, आणि वर कस्टम ड्यूटी, जी घड्याळाच्या किमतीबरोबर पाठवणीच्या खर्चावरही मोजतात. पहिल्या घड्याळासाठी हा खटाटोप मी सुचवणार नाही.

तोक्योला जायचा योग आलाच तर गिंझात सेइकोचं संग्रहालय आहे, आणि जवळच चौकात हात्तोरीच्या दुकानाची १९३२ ची मनोऱ्यावर घड्याळ असलेली इमारत. उएनोतल्या विज्ञान संग्रहालयात तानाका हिसाशिगे यांनी १८५१ मध्ये बनवलेलं ‘दहा हजार वर्षांचं घड्याळ’ बघा. सहा तोंडांचं, त्यातल्या एका तोंडावर ऋतूप्रमाणे तासाच्या खुणा आपोआप सरकतात. हे गृहस्थ पुढे तोशिबाच्या मूळपुरुषांपैकी एक झाले.

घरी आणल्यावर

चालू असलं तरी आधी सर्व्हिसिंग. तेल वाळून डिंक झालेलं असतं आणि कोरडं मशीन चालवलं की चाकांचे पिव्हट, म्हणजे आसांची बारीक टोकं, झिजतात. घड्याळजीला तीन गोष्टी आधीच सांगा: पॉलिश नको, डायलला हात नको, आणि एखादा भाग बदलला तर जुना परत द्या. जुनी काच, जुनी चावी, सगळं एका डबीत ठेवून द्या.

६११९ आणि ७००९ दोन्हींना हाताने चावी देता येत नाही. चावी फिरवून काही होत नाही म्हणून घाबरू नका. हातात धरून आडवं, सावकाश, पंचवीस-तीस वेळा झुलवा आणि घाला. कॉकटेल हलवल्यासारखं नको. ६११९ मध्ये तारीख बदलायला चावी आत दाबायची असते, बाहेर ओढायची नाही. हे माहीत नसल्याने लोक ती जोर लावून ओढतात आणि दांडीसकट हातात येते. ७००९ मध्ये पहिल्या खटक्यापर्यंत ओढून एका बाजूला फिरवली की तारीख, दुसऱ्या बाजूला वार.

दिवसाला अर्धा मिनिट मागे-पुढे होत असेल तर मी त्याला तक्रार म्हणत नाही. रात्री घड्याळ काढून कसं ठेवता यावरही चाल बदलते. पाठीवर, चावी वर, चावी खाली असं एकेक आठवडा ठेवून बघा. दिवसा पुढे जाणारं घड्याळ रात्री एखाद्या बाजूवर मागे पडतं, ती बाजू सापडली की हिशेब जुळतो.

आणि नऊ वाजून गेल्यावर तारखेशी खेळू नका. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारखेचे दाते आधीच एकमेकांत अडकलेले असतात, तेव्हा जबरदस्ती केली तर प्लास्टिकचा एखादा दाता तुटतो आणि मग महिनाभर पंधरा तारीखच. आज आणलंत, उत्साह आहे, वार चुकीचा दिसतोय, सगळं खरं. सकाळी लावा.